चंपाषष्ठीचा कॅप्टन: नाशिकच्या मित्रांच्या फँटसी लीगमधला एक वाद

शुक्रवारी रात्री ओझरच्या मित्राने सातपूरच्या मित्राला व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली: "उद्या गावी आहे, काही झालं तर बघून घे." आमच्या लीगमधला आजवरचा सगळ्यात मोठा वाद या एका ओळीतून सुरू झाला. आम्ही आज जे नियम पाळतो, त्यातले निम्मे त्यानंतरच कागदावर आले. मी या लीगचा ॲडमिन आहे. नावे मुद्दाम देत नाही, ज्याला त्याला राहत्या भागावरून ओळखू.

आम्ही बारा जण. बहुतेक शाळेपासूनचे, दोन-तीन नोकरीत जोडले गेलेले. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या अधिकृत फँटसी खेळात आमची खासगी लीग आहे. ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १० कोटी पौंडांच्या काल्पनिक बजेटमध्ये १५ खेळाडू घ्यायचे: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. एका क्लबचे तीनपेक्षा जास्त नाहीत. दर आठवड्याला अकरा जण उतरवायचे, खऱ्या सामन्यातल्या त्यांच्या कामगिरीवर पॉइंट मिळतात. एकाला कॅप्टन करायचे, त्याचे पॉइंट दुप्पट होतात. कॅप्टन मैदानात उतरलाच नाही तर व्हाइस-कॅप्टनचे दुप्पट होतात. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, सगळे प्रकरण त्याच्यावर फिरते.

हंगामात असे ३८ आठवडे. आमची लीग हेड टू हेड पद्धतीची आहे. दर आठवड्याला एकाची गाठ एकाशी, जिंकणाऱ्याला ३ पॉइंट, बरोबरीला १. नुसत्या एकूण बेरजेच्या लीगपेक्षा यात रंगत जास्त, कारण आठवड्याला समोर एक माणूस असतो आणि सोमवारी तो भेटतो. पण भांडणही यातच जास्त होते. बेरजेच्या लीगमध्ये एका आठवड्यात पाच-सात पॉइंट इकडे-तिकडे झाले तर वर्षभरात विरून जातात. इथे तेवढ्यात एक अख्खा सामना हातचा जातो.

त्या आठवड्याची गोष्ट

शनिवार, ७ डिसेंबर २०२४. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, चंपाषष्ठी. ओझरचा मित्र सकाळपासून घरच्या कुळाचारात होता. तळी भरायची, वांग्याचे भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य, मग खंडोबाच्या यात्रेला. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. त्याची टीम त्याने गुरुवारीच लावून ठेवली होती: कॅप्टन लिव्हरपूलचा मोहम्मद सालाह, व्हाइस-कॅप्टन चेल्सीचा कोल पाल्मर. सालाहला कॅप्टन न करणारा त्या आठवड्यात शोधून सापडला नसता. बुधवारीच त्याने न्यूकॅसलविरुद्धच्या ३-३ सामन्यात दोन गोल केले होते.

आणि त्याच सकाळी इंग्लंडमध्ये 'डाराह' वादळामुळे एव्हर्टन-लिव्हरपूल सामना पुढे ढकलला गेला. बातमी आली तेव्हा आपल्याकडे दुपार होती. टीम बदलण्याची मुदत त्या आठवड्यातल्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटे आधी संपते, म्हणजे मूळ वेळापत्रकाप्रमाणे आपल्याकडे दुपारी साडेचारला. ज्यांच्या हातात फोन होता त्यांना वेळ मिळाला. ओझरच्या मित्राचा फोन आतल्या खोलीत होता.

सातपूरच्या मित्राकडे त्याचा पासवर्ड आदल्या हंगामापासून होता. एकदा हरिश्चंद्रगडावर रेंज नव्हती तेव्हा दिलेला, नंतर कोणी बदलला नाही. त्याने दोनदा फोन केला, उचलला गेला नाही. सव्वाचारला त्याने लॉगिन केले आणि सालाहची कॅप्टनशिप काढून मँचेस्टर सिटीच्या अर्लिंग हालंडला दिली. त्याचा विचार साधा होता. चेल्सीचा सामना टॉटनहॅमच्या मैदानावर, अवघड. मँचेस्टर सिटी क्रिस्टल पॅलेसकडे, त्यामानाने सोपा. दुसऱ्याच्या टीमचे भले करायच्या हेतूने केलेला हा बदल होता. यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

शनिवारी रात्री सिटीने २-२ बरोबरी केली, हालंडचा एक गोल. रविवारी रात्री दहाला टॉटनहॅम-चेल्सी सुरू झाला. अकरा मिनिटांत टॉटनहॅम २-० पुढे. नंतर चेल्सीने तो सामना ४-३ जिंकला आणि पाल्मरने दोन पेनल्टी मारल्या. मिडफिल्डरला एका गोलाचे ५ पॉइंट, फॉरवर्डला ४. नुसत्या गोलांचे बघितले तरी पाल्मरचे १० आणि हालंडचे ४.

ओझरच्या मित्राची त्या आठवड्यातली गाठ पंचवटीच्या मित्राशी होती. तो ३ पॉइंटने हरला. दोघांकडेही सोमवारच्या वेस्ट हॅम-वूल्व्ज सामन्यातला एकही खेळाडू नव्हता, त्यामुळे रविवारी मध्यरात्रीच निकाल पक्का होता. टीमला कोणी हात लावला नसता तर सालाह न खेळल्यामुळे पाल्मर आपोआप कॅप्टन झाला असता आणि ओझरचा मित्र आरामात जिंकला असता.

माझी चूक

रात्री सव्वाबाराला त्याचा मला फोन आला. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त जड गेले. "मी काहीच केलं नाही रे. मी टीम लावली होती, ती बरोबर होती." मला त्याचे म्हणणे पटले आणि मी तिथल्या तिथे ग्रुपवर लिहिले: "आपल्या वहीत पाल्मर कॅप्टन धरून निकाल घेऊ. सामना ओझरचा."

हे मी करायला नको होते. पंचवटीचा मित्र रात्री झोपला तेव्हा जिंकलेला होता, सकाळी दुकान उघडताना हरलेला होता, आणि मधल्या वेळात त्याला कोणी एक शब्द विचारला नव्हता. एका बाजूचे ऐकून, मध्यरात्री, एकट्याने दिलेला तो निर्णय होता. ॲडमिनला हा अधिकार कोणी दिला, हा त्याचा पहिला प्रश्न होता आणि तो बिनतोड होता. आमच्याकडे नियमच नव्हते. होती ती फक्त सवय.

दुपारपर्यंत ग्रुपवर तीन बाजू झाल्या होत्या. एक म्हणे, ॲप दाखवते तोच निकाल, आपण कोण बदलणारे. दुसरी म्हणे, माणसाने स्वतः न केलेल्या कृतीची शिक्षा त्याला कशी. तिसरी बाजू एकाच माणसाने उघड बोलून दाखवली, पण बऱ्याच जणांच्या मनात असावी: तक्त्यात ओझरचा तिसरा आणि सातपूरचा चौथा होता, दोघांत एकाच विजयाचे अंतर होते. म्हणजे ज्याने बदल केला त्यालाच ओझरच्या हरण्याचा फायदा होता.

सातपूरच्या मित्राने त्यानंतर चार दिवस ग्रुपवर काही लिहिले नाही. पंचवीस वर्षांची मैत्री, आणि आपण दोन पेनल्टींवरून त्याच्या प्रामाणिकपणावर येऊन ठेपलो. मी हे सगळे लिहायला बसलो त्यामागे ते चार दिवस आहेत. त्याने फायद्यासाठी केले नाही हे आम्हाला माहीत होते. पण नियम असा हवा की असे माहीत असण्यावर काही अवलंबूनच राहू नये.

मिसळीच्या टेबलावर

१५ डिसेंबरच्या रविवारी सकाळी नऊला मखमलाबाद रोडला मिसळ खायला बाराही जण आले. असे वर्षात दोनदाच होते. मी आधी माझा रात्रीचा निर्णय मागे घेतला आणि पंचवटीच्या मित्राची माफी मागितली. मग ठरले की वादातले तिघे आणि मी मत देणार नाही. उरलेले आठ ठरवतील.

गंगापूर रोडची आमची मैत्रीण चार्टर्ड अकाउंटंट आहे. तिने एकच प्रश्न विचारला: "हालंडने हॅटट्रिक केली असती आणि पाल्मर कोरा राहिला असता, तर आज आपण इथे बसलो असतो का?" कोणी उत्तर दिले नाही. ओझरच्या मित्राने मान खाली घातली, मग स्वतःच म्हणाला, "नसतो."

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. बदल फायद्याचा ठरला असता तर तो "मित्राने केलेली मदत" झाला असता. तोट्याचा ठरला म्हणून "माझ्या परवानगीशिवाय" झाला. पाल्मरचे गोल माहीत असताना कॅप्टन कोण धरायचा हे ठरवणे म्हणजे सामना संपल्यावर टीम लावणे. आणि "काही झालं तर बघून घे" ही परवानगी होती की नव्हती, यावर आम्ही अर्धा तास घालवला. एकाचे म्हणणे, 'बघून घे' म्हणजे सांभाळ, त्यात सगळे आले. दुसऱ्याचे म्हणणे, बघून घे म्हणजे बघ आणि मला सांग. मराठीत दोन्ही अर्थ खरे आहेत. शेवटी आम्ही तो प्रश्न सोडून दिला, कारण त्याचे उत्तर कोणतेही आले तरी निर्णय तोच राहत होता: पासवर्ड ज्याने दिला, टीमची जबाबदारी त्याची.

मैत्रिणीने तिच्या कामातली पद्धत सांगितली. बंद झालेल्या वर्षाची पाने फाडून नवी लिहीत नाहीत, चूक सापडली तर पुढच्या वर्षात दुरुस्तीची नोंद टाकतात. तसेच आपण करू. झालेला निकाल राहील, नियम पुढच्या आठवड्यापासून लागेल.

मत झाले ५ विरुद्ध ३. निकाल पंचवटीच्या बाजूने. सातपूरच्या मित्राला दंड नाही, कारण मोडायला नियमच नव्हता. ज्या तिघांनी विरोधात मत दिले त्यांचे म्हणणेही मला हलके वाटत नाही. त्यांच्या मते अशा प्रसंगी सामना बरोबरीत धरावा, दोघांनाही एकेक पॉइंट. ऐकायला गोड आहे, पण पंचवटीच्या मित्राने काय चूक केली होती म्हणून त्याचे दोन पॉइंट जावेत? वादात दोघांना थोडे थोडे देऊन शांतता विकत घेण्याची सवय आपल्याला घरातून लागलेली असते. लीगमध्ये ती चालत नाही, कारण पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी तेच मागतो.

कागदावर काय आले

त्याच टेबलावर बारा जणांनी फोन काढून पासवर्ड बदलले. पहिल्या नियमाचे वाक्य ओझरच्या मित्रानेच सांगितले: "आपली टीम आपणच लावायची, दुसऱ्याने लावली तरी ती आपणच लावली असे धरले जाईल." याहून नेमके मला सुचले नसते. यात चौकशी लागत नाही, कोणाचा हेतू काय होता हे शोधावे लागत नाही.

पण मग यात्रेत, लग्नात, द्राक्षाच्या बागेत फवारणीला उभा असलेल्या माणसाने काय करायचे? आमच्यात पिंपळगावचा एक बागायतदार आहे, जानेवारीनंतर काढणी सुरू झाली की त्याला दिवसभर फोन बघता येत नाही. यावर खरी चर्चा झाली. ठरले ते असे: सामना पुढे ढकलला किंवा मुदतीची वेळ बदलली, तर ज्याला पहिल्यांदा कळेल त्याने ग्रुपवर टाकायचे, सगळ्यांसाठी, प्रतिस्पर्ध्यासाठीसुद्धा. मात्र दुखापतीची कुणकुण, कोण खेळणार-कोण बसणार याचे अंदाज ही ज्याची त्याची मेहनत, ती सांगण्याचे बंधन नाही. ही रेघ कुठे ओढायची यावर दोघे-तिघे बराच वेळ हटून बसले होते. त्यांना वाटत होते की बातमी आधी कळणे हाही कौशल्याचा भाग आहे. वादळाची बातमी कळण्यात कौशल्य नाही, त्या वेळी हातात फोन होता एवढेच, असे म्हटल्यावर ते मानले.

सामने पुढे जाणे दुर्मीळ नाही, हेही तेव्हा आठवले. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे लीग थांबली ती १७ जूनला सुरू झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या निधनानंतर एका आठवड्याचे सगळेच सामने पुढे गेले. आणि प्रत्येक वेळी आम्ही त्या दिवशी जे सुचेल ते केले होते.

व्हाइस-कॅप्टनबद्दल एक गोष्ट नियम म्हणून नाही, सूचना म्हणून लिहिली. सातपूरच्या मित्राने बदल केला तो मुळात अनावश्यक होता. सालाहचा सामनाच नव्हता, म्हणून व्हाइस-कॅप्टन आपोआप चालला असता आणि सालाहच्या जागी बेंचवरचा खेळाडू आला असता. ॲप हे स्वतःच करते. म्हणून बेंचचा क्रम आणि व्हाइस-कॅप्टन हे दोन्ही मनापासून भरायचे, नुसते रकाना भरल्यासारखे नाही. गावी जाणाऱ्या माणसाचा खरा राखणदार तोच आहे.

मुदतीची वेळ आता मी भारतीय वेळेत आदल्या दिवशी आणि दोन तास आधी ग्रुपवर टाकतो. यात एक ठेच दरवर्षी लागायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधली घड्याळे एक तास मागे जातात. तोपर्यंत शनिवारची मुदत बहुधा साडेतीनची, त्यानंतर साडेचारची. शुक्रवारी रात्री सामना असला की आधी अकराची, नंतर बाराची. मार्चच्या शेवटी पुन्हा उलटे होते, आणि तेव्हा एक तास आपल्या हातातून जातो. फसगत तेव्हाच होते. पण मी वेळ टाकायला विसरलो तर? ती सबब धरायची नाही, हेही लिहिले आहे. आठवण ही सोय आहे, हक्क नाही.

ॲडमिनच्या अधिकाराचे कलम मी स्वतः मागून घेतले. ॲडमिन निकाल बदलू शकत नाही. वाद आला तर वादाबाहेरच्या तिघांनी ठरवायचे, त्यांची नावे ऑगस्टमध्येच चिठ्ठी टाकून काढायची, दोन राखीव. तक्रार त्या आठवड्याचा शेवटचा सामना संपल्यापासून २४ तासांत. आणि वर्षाच्या मध्ये नवा नियम केला तर तो नेहमी पुढच्या आठवड्यापासून, मागे कधीच नाही. कोणी म्हणेल, बारा मित्रांच्या खेळाला एवढे कशाला? पण भिशी आठवा. भिशीत कोणाची चिठ्ठी निघाल्यावर कोणी म्हणत नाही की मला गरज जास्त होती, पुन्हा काढा. पाळी, तारीख, रक्कम आधी ठरलेली असते, म्हणून वर्षानुवर्षे चालते.

गल्ल्याचा प्रश्न

भिशीवरून पैशाचे सांगायला हवे. २०२४-२५ मध्ये आम्ही प्रत्येकी १,००० रुपये काढले होते, एकूण १२,०००. मला मनातून वाटते की त्या डिसेंबरच्या भांडणाला या गल्ल्याने धार आली. रक्कम मोठी नव्हती, पण पैसे असले की "जाऊ दे" म्हणणे अवघड होते.

पुढचा हंगाम १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला आणि आठवड्याभरात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून जिंकण्याच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी आणली, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना फरकही ठेवला नाही. आमच्यासारख्या घरगुती गल्ल्याला तो कुठवर लागू होतो याचा कीस काढत बसण्यापेक्षा आम्ही गोळा केलेले पैसे त्याच आठवड्यात परत केले. माझे मत विचाराल तर कायदा आला नसता तरी हे करायला हवे होते.

आता बक्षीस म्हणून एक तांब्या आहे. भांडी बाजारातून घेतलेला, तांब्याचा, जाड पत्र्याचा. जिंकणाऱ्याचे नाव आणि साल त्यावर घालून घ्यायचे, जसे लग्नातल्या भांड्यांवर घालतात. वर्षभर त्याच्या घरी, मेमध्ये परत. शेवटी येणाऱ्याने सगळ्यांना मिसळ द्यायची, बाकी त्याची काही फजिती करायची नाही.

अजून न सुटलेले

एक गोष्ट अजून आम्हाला नीट जमलेली नाही: सोडून दिलेल्या टीम. फेब्रुवारीपर्यंत तळातले दोन-तीन जण टीम बघणे बंद करतात. हेड टू हेडमध्ये याचा अन्याय होतो, कारण काहींची गाठ त्यांच्याशी ते जागे असताना पडते, काहींची झोपल्यावर. आज नियम एवढाच आहे की सलग तीन आठवडे टीमला हात लागला नाही तर तिघांपैकी एकाने फोन करायचा, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्याची जागा राखून ठेवायची नाही. सामन्यांच्या निकालाचे काय करायचे, यावर एकमत नाही. मोजायचे नाहीत म्हटले तर ज्याने जागेपणी त्याला हरवले त्याचेही जातात.

ड्राफ्ट पद्धत, म्हणजे एक खेळाडू लीगमध्ये एकाकडेच, ही दोघांची मागणी आहे. मी अजून तयार नाही. तिथे आपसात खेळाडूंची अदलाबदल असते, आणि कोणी कोणाला मुद्दाम स्वस्तात दिला का हा प्रश्न हेतूवर जातो. हेतूवरच्या प्रश्नाने काय होते ते आम्ही एकदा बघितले आहे. शिवाय मूळ खेळाचे नियमही दरवर्षी हलतात. २०२४-२५ मध्ये साठवता येणारे मोफत ट्रान्सफर, म्हणजे टीममधले खेळाडू बदलण्याच्या संधी, दोनवरून पाच झाले, पुढच्या वर्षी बचावातल्या कामाचे वेगळे पॉइंट आले. त्यामुळे आमचा कागद दर ऑगस्टला पुन्हा वाचावा लागतो, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

२५ मे २०२५ ला हंगाम संपला तेव्हा ओझरचा मित्र तिसरा आला. दुसऱ्या क्रमांकापेक्षा दोन पॉइंट कमी. चंपाषष्ठीचा तो सामना जिंकला असता तर तो दुसरा असता. हे मी तक्ता करताना बघितले, त्यानेही बघितले असणार. ऑगस्टमध्ये कागद वाचून झाल्यावर तिघांच्या समितीसाठी चिठ्ठ्या टाकल्या, आणि पहिलीच चिठ्ठी सातपूरच्या मित्राची निघाली. ती ओझरच्या मित्राने उघडली होती. त्याने नाव वाचले, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि पुढची उचलली.